रस्त्यावरचीं मुलें व आपलीं लोकनृत्यें

आठवडी बाजारांत ढोलकीचा आवाज कानीं पडला कीं माणसें कडें करून उभीं राहतात. मध्यें बांबूंच्या आधारानें दोर ताणलेला असतो आणि हातांत काठी घेतलेली एखादी सात-आठ वर्षांची मुलगी त्या दोरावरून तोल सांभाळीत चाललेली असते. दुसरीकडे पोतराज अंगावर आसूड ओढीत असतो आणि त्याच्या मागून त्याचें मूल हलगीच्या तालावर पाय टाकीत, हात पुढें करीत फिरत असतें. पाहणारे क्षणभर थक्क होतात, एखादें नाणें टाकतात व आपल्या वाटेनें निघून जातात. त्या मुलाचें नांव काय, तें रात्रीं कोठें निजतें, तें शाळेंत जातें कीं नाहीं, हे प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

अशा मुलांना आधार देण्यासाठीं व त्यांच्या अंगीं बळ आणण्यासाठीं पारंपरिक नृत्याचा उपयोग होतो, असें आज अनेक ठिकाणचे कार्यकर्ते सांगतात व तसें करूनही दाखवितात. हें ऐकून वाचकांच्या मनांत पहिली शंका हीच येईल, कीं जें मूल आधींच पोटासाठीं रस्त्यावर नाचत आहे, त्याला आणखी नाच शिकवून काय साधणार? ही शंका रास्त आहे, आणि तिचें निरसन करणें हाच या लेखाचा हेतु आहे. थोडक्यांत सांगावयाचें तर नाच दोन प्रकारचा असतो. एका नाचांत मूल मधोमध एकटें असतें व भोंवतालचें जग त्याच्याकडे पाहत असतें. दुसऱ्या नाचांत तें फेरांतलें एक असतें व त्याच्या दोन्ही बाजूंस त्याचे सोबती असतात. पहिल्या नाचानें पोट कसेंबसें भरतें. दुसऱ्यानें मुलाला माणसांत जागा मिळते. पहिल्या नाचांतून मुलाला दुसऱ्यांत कसें आणावयाचें, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम हीं मुलें कोण, तें पाहूं. ‘रस्त्यावरचीं मुलें’ हा शब्द आपण सैलपणें वापरतों. परंतु त्यांत वस्तुतः तीन प्रकारचीं मुलें येतात. कांहींचा घराशीं संबंध पुरता तुटलेला असतो. तीं स्टेशनावर, पुलाखालीं किंवा दुकानाच्या फळीवर रात्र काढतात. कांहीं मुलें दिवसभर रस्त्यावर भंगार वेचतात, फुगे विकतात अथवा भीक मागतात आणि रात्रीं आईबापांकडे परततात. तिसऱ्या प्रकारांत सारें कुटुंबच रस्त्याच्या कडेला संसार मांडून असतें. २०१५ च्या बालन्याय कायद्यानें अशा मुलांची गणना काळजी व संरक्षण यांची गरज असलेल्या बालकांत केली आहे. त्यांना गुन्हेगार समजण्याचा अधिकार कोणास नाहीं. उलट समाजच त्यांचें देणें लागतो.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगांव हे त्याचे पांच तालुके. येथें मुंबईसारखे मोठमोठे पूल नाहींत व स्थानकांवर तशी गर्दीही नाहीं. त्यामुळें येथें रस्त्यावरचीं मुलेंच नाहींत, अशी आपली सोयीची समजूत होते. खरी गोष्ट अशी आहे, कीं आपल्या भागांतलें असें मूल बहुधा फिरतें असतें, म्हणून तें डोळ्यांत भरत नाहीं. तें पालांत राहणाऱ्या भटक्या कुटुंबाबरोबर येतें, गांवाबाहेर चार दिवस उतरतें, आणि पाल उठलें कीं तेंही नाहींसें होतें. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे मराठवाड्यांतील कित्येक कुटुंबें कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांच्याबरोबर मुलेंही उसाच्या फडांत जातात व उन्हाळा तोंडावर आल्यावरच परततात. शाळेच्या पटावर नांव राहतें, बांकावर मूल राहत नाहीं. परत आल्यावर वर्ग पुढें गेलेला असतो, धडे परके झालेले असतात, आणि मग शाळेपेक्षां बाजार व बसस्थानक हींच त्याला अधिक जवळचीं वाटूं लागतात.

आतां पोटासाठीं केलेल्या नाचाचा विचार करूं. डोंबाऱ्याची कसरत, पोतराजाची हलगी, बहुरूप्याचीं सोंगें, वासुदेवाचें गिरक्या घेत गाणें, या कला हलक्या आहेत असें कोणीं समजूं नये. दोरावरून चालणें ही अनेक वर्षांची साधना आहे; आपल्या शाळेंतल्या चांगल्या कसरतपटूलाही तें सहज साधणार नाहीं. दोष कलेचा नसून तिच्या व्यवहाराचा आहे. त्या व्यवहारांत मूल स्वतः होऊन उतरत नाहीं, त्याला उतरविलें जातें. आज अंग दुखतें, आज नाचत नाहीं, असें म्हणण्याची त्याला मुभा नसते. मिळालेल्या पैशावर त्याचा अधिकार नसतो. तें मोठें झालें, अंग जड झालें, कीं त्याची जागा धाकट्या भावंडानें घ्यावयाची व त्यानें दुसरी वाट पाहावयाची; आणि ती वाट दाखविणारें शिक्षण तर त्याला कोणीं दिलेलेंच नसतें. शिवाय इतकें नाचूनही पाहणारांशीं त्याचें नातें जुळत नाहीं. टाळी मिळते, ओळख मिळत नाहीं.

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचें ‘कोल्हाट्याचं पोर’ हें आत्मचरित्र १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. तमाशांत नाचणाऱ्या आईचा हा मुलगा हालअपेष्टा सोशीत डॉक्टर झाला. ज्या बाईच्या नाचावर सारें घर जगतें, तिच्याच मुलाला समाजांत मान खालीं घालून वावरावें लागतें, ही विसंगति त्या पुस्तकानें मराठी वाचकांपुढें उघडी केली. नाच पाहावयाचा, पण नाचणाराला जवळ करावयाचें नाहीं, ही आपली जुनीच रीत आहे.

कायद्यानें या बाबतींत पुष्कळ पाऊल टाकलें आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामास लावण्यास सर्वसाधारणपणें मनाई झाली. त्यापूर्वीं, १८ एप्रिल २०११ रोजीं, सर्कशींत मुलांना राबविण्यावर बंदी घालावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें सरकारला दिला होता. मुलाला भीक मागावयास लावणें हा बालन्याय कायद्यान्वयें गुन्हा असून त्यास पांच वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपये दंड होऊं शकतो. हें सर्व इष्टच आहे. परंतु कायद्याच्या भीतीनें मूल दोरावरून खालीं उतरलें, तरी उतरल्यावर तें कोणाच्या शेजारीं उभें राहणार, हें एकटा कायदा ठरवूं शकत नाहीं. येथेंच दुसऱ्या प्रकारच्या नाचाचें काम सुरू होतें.

हा दुसरा नाच शोधण्यास आपल्याला दूर जावें लागत नाहीं. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलें जाणारें नर्सी हें गांव याच जिल्ह्यांत आहे. नामदेवांच्या संप्रदायांत कीर्तन हें केवळ बसून ऐकावयाचें नसतें. त्यांत नाचावयाचेंही असतें. वारीच्या वाटेवर टाळमृदंगाच्या ठेक्यावर वारकरी पावली खेळतात, फुगड्या घालतात. तेथें सत्तर वर्षांचा म्हातारा व सात वर्षांचा मुलगा एकाच तालांत पाऊल टाकतात आणि खेळ संपल्यावर एकमेकांच्या पायां पडतात. औंढा नागनाथ येथील देवळाविषयीं सांगितली जाणारी आख्यायिका आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलीच असेल. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करूं न देतां मागील बाजूस घालविलें. त्यांनीं तेथें उभें राहून कीर्तन मांडलें, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें, अशी ती कथा आहे. आख्यायिकेला इतिहासाचा पुरावा मागूं नये. परंतु या भागांतील लोकांनीं ती शतकानुशतकें जपून ठेविली, यांत त्यांच्या मनाचा कल दिसून येतो.

जिल्ह्यांतील बंजारा तांड्यांत होळीला लेंगीचीं गाणीं म्हणत स्त्रीपुरुष फेर धरतात. कळमनुरी व औंढा या बाजूंच्या आंध समाजांत दंडारीची परंपरा आहे. श्रावण-भाद्रपदांत मुली झिम्मा, फुगडी, पिंगा खेळतात. आणि लेझीम तर महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या शाळांतून व तालमींतून घुमत असते. या साऱ्या नृत्यांत एक गुण समान आहे. तीं प्रेक्षकांसाठीं जन्मलेलीं नाहींत; तीं खेळणारांसाठीं आहेत. प्रेक्षक असतातही, पण वाटलें तर तेही फेरांत शिरतात. फेराला आरंभ नसतो व शेवटही नसतो. म्हणून त्यांत पुढचा मानकरी आणि मागचा हीन, असा भेद राहत नाहीं.

यांपैकीं लेझीम घेऊन तिचें कार्य कसें चालतें, तें नीट पाहूं. कारण ती सर्वांच्या परिचयाची आहे. लेझीम हा शब्द फारसींतून आला असून धनुष्याच्या सरावासाठीं वापरावयाचें सांखळीचें धनुष्य असा त्याचा मूळ अर्थ आहे. लांकडी दांड्याच्या दोन टोकांना लोखंडी सांखळी जोडलेली असते व सांखळींत पातळ चकत्या ओवलेल्या असतात. एका हातानें दांडा व दुसऱ्यानें सांखळीची मूठ धरून ती उघडली-मिटली म्हणजे छन्नकन आवाज होतो. शिक्षण ‘चार आवाज’ या प्रकारापासून सुरू होतें. मुलानें जागच्या जागीं उभें राहून हलगीच्या ठोक्याबरोबर चार वेळां लेझीम वाजवावयाची, इतकेंच. तें जमलें म्हणजे पाऊल, मग वांकणें, मग वळणें, मग पवित्रा, आणि शेवटीं रांगेची वर्तुळांत व वर्तुळाची रांगेंत रचना. एक एक पायरी अगदीं लहान असते. त्यामुळें पहिल्याच दिवशीं मुलाला कांहींतरी साधतें. ज्याला आजवर सगळीकडून ‘तुला येत नाहीं’ एवढेंच ऐकावें लागलें, त्याच्या दृष्टीनें हा लाभ लहान नाहीं.

आतां या चार ठोक्यांतून काय काय घडतें, तें पाहा. रस्त्यावरचें मूल क्षणाक्षणाला जगतें. हातीं आलें तें लगेच खावें, संधि दिसली कीं झडप घालावी, आणि मोठा माणूस जवळ आला कीं पळावें, असेंच त्याला जगण्यानें शिकविलेलें असतें. लेझीम त्याला थांबावयास शिकविते. तिसऱ्या ठोक्यावर वाजवावयाचें तर दोन ठोके वाट पाहिलीच पाहिजे. ही वाट पाहण्याची संवय पुढें पुस्तक हातांत धरतांना उपयोगी पडते.

दुसरें असें, कीं मार खाल्लेल्या मुलाचें शरीर आंखडलेलें असतें. कोणी हात उचलला कीं तें दचकतें व आपला हात तोंडावर आडवा धरतें. फेरांत सर्वांचे हात वर जातात, पण ते मारण्यासाठीं नव्हेत. हाच हात कोणाला न दुखवितां उंच जाऊं शकतो, हा अनुभव शब्दांनीं देतां येत नाहीं. तो अंगानेंच घ्यावा लागतो. पुष्कळ मुलांना स्वतःवर गुदरलेलें सांगतां येत नाहीं, कारण त्यासाठीं लागणारे शब्दच त्यांच्याजवळ नसतात. अशा मुलांना बोलावयास लावण्यापूर्वीं त्यांच्या अंगाला मोकळें करणें, हाच मार्ग अधिक दयेचा आहे.

तिसरी गोष्ट फेरांतील जागेची. सोळा मुलांच्या फेरांतून एक मूल आलें नाहीं तर तेथें पोकळी दिसते, आणि ‘आज तो कां आला नाहीं?’ असें इतर विचारतात. रस्त्यावरून एखादें मूल नाहींसें झालें तर असें कोणी विचारीत नाहीं. आपल्या नसण्यानें कोणाचें तरी अडतें, ही जाणीव माणसाला माणूस बनविते.

संगीताच्या तालांत एकत्र हालचाल केल्यानें परस्परांविषयीं आपुलकी वाढते, हें शास्त्रज्ञांनींही पडताळून पाहिलें आहे. जर्मनींतील लाइपत्सिख येथील संशोधक सेबास्तियान कर्शनर व मायकेल टोमासेलो यांनीं चार वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध केला. कांहीं जोड्यांना गाणें, वाद्य व नाच यांसह एक खेळ खेळावयास दिला आणि इतरांना तोच खेळ संगीतावांचून दिला. खेळानंतर जेव्हां एका मुलाला अडचण येई, तेव्हां बरोबर गाइलेले-नाचलेले सोबती अधिक तत्परतेनें त्याच्या मदतीला धांवत, असें दिसून आलें. आपल्या पूर्वजांनीं पेरणीच्या, कापणीच्या व सणांच्या वेळीं फेर कां धरला, याचें उत्तर कदाचित् येथेंच असेल.

निराधार मुलांना खेळ व कला यांच्या द्वारा जवळ करण्याची कल्पना नवी नाहीं. इटलींतील संत डॉन बॉस्को (१८१५–१८८८) लहानपणीं गारुड्यांचे व डोंबाऱ्यांचे खेळ पाहून स्वतः दोरावर चालावयास शिकले होते. ते खेळ दाखवून मुलें जमवीत आणि मग त्यांच्यासह प्रार्थना करीत. पुढें १८४१ पासून तूरिन शहरांत, कामासाठीं खेड्यांतून आलेल्या व रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं जें कार्य आरंभिलें, त्यांत संगीत, नाट्य व मैदानी खेळ यांना भोजन व शिक्षण यांच्याच पंक्तीला बसविलें. त्यांचे अनुयायी १९०६ सालीं भारतांत आले. मुंबईंत वडाळा येथें त्यांचें रस्त्यावरच्या मुलांसाठीं आश्रयस्थान आहे. मुंबईंतील ‘स्नेहसदन’ ही संस्थाही जेझुइट मिशनऱ्यांनीं १९६२ सालीं घरदार नसलेल्या मुलांसाठींच सुरू केली.

बंगालमध्यें गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्यानें १९३२ सालीं ‘व्रतचारी’ चळवळ काढली. खालच्या मानलेल्या जातींनीं टिकवून धरलेला रायबेंशे हा वीरनृत्याचा प्रकार त्यांना वीरभूम जिल्ह्यांत आढळला. सुशिक्षितांनीं तुच्छ लेखलेलें तें नृत्य त्यांनीं शाळांतील मुलांना शिकविलें. या चळवळीचा एक मोठा गुण असा, कीं त्यामुळें शिकविणारा व शिकणारा यांच्या जागा बदलल्या. आपल्या अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें. मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या प्रसंगीं आपले देशी व्यायाम जगाला दाखविले. आखाड्यांतल्या या विद्येची योग्यता त्यामुळें आपल्यालाही नव्यानें कळली.

अलीकडचीं उदाहरणेंही बोलकीं आहेत. कोलकात्यांत सोहिनी चक्रवर्ती यांनीं २००४ सालीं ‘कोलकाता संवेद’ ही संस्था स्थापिली. फसवून विकल्या गेलेल्या व पुढें सोडवून आणलेल्या मुलींना नृत्याच्या द्वारा पुन्हां उभें करण्याचें काम ती करते. त्यांतील कित्येक मुली पुढें स्वतःच शिक्षिका झाल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेशीं सहकार्य करून या संस्थेनें या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालविला. सातासमुद्रांपलीकडे ब्राझील देशांत साल्व्हादोर शहरीं १९९० पासून ‘प्रोजेतो आशे’ ही संस्था रस्त्यावरच्या मुलांत काम करते व त्यांत तेथील कापोएरा या खेळनृत्याचा उपयोग करते. गुलामांच्या वंशजांचा हा नाच १८९० च्या ब्राझीलच्या दंडविधानानें गुन्हा ठरविला होता. २०१४ सालीं युनेस्कोनें त्यालाच मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. ज्या नाचाला एके काळीं रस्त्यावरून हांकलून दिलें, तोच आज रस्त्यावरच्या मुलांना हात देत आहे.

इतकें असलें तरी या मार्गांत धोके आहेत व ते सांगितलेच पाहिजेत. पहिला धोका असा, कीं नाच म्हणजे भाकर नव्हे. १८९६–९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांतून निराधार मुली घेऊन आल्या, तेव्हां त्यांनीं प्रथम त्यांच्या अन्नवस्त्राची व निवाऱ्याची सोय केली. विद्या त्यानंतर आली. उपाशी मुलाच्या हातांत लेझीम देणें हा क्रूरपणा होईल.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. संस्था चांगल्या हेतूनें मुलांना नाच शिकविते. मग वर्गणी देणाऱ्या पाहुण्यांपुढें तीं मुलें नाचविलीं जातात. पाहुणे हळहळतात, छायाचित्रें काढतात व देणगी देऊन जातात. येथें बाजारांतलें कडें व सभागृहांतलें कडें यांत फरक तो काय राहिला? मुलानें पुन्हां पोटासाठींच नाचावयाचें, फक्त नाण्याच्या जागीं धनादेश आला! म्हणून ज्या दिवशीं मुलाला ‘आज मी नाचत नाहीं’ असें म्हणतां येतें, आणि तसें म्हटल्यामुळें त्याच्या जेवणांत किंवा प्रेमांत उणें पडत नाहीं, त्या दिवशींच तो नाच त्याचा झाला असें समजावें. शिकविणाऱ्या मोठ्या माणसांची पारख करणें, मुलींच्या मानमर्यादेची काळजी घेणें व मुलांना एकांतांत कोणाच्या हवालीं न करणें, या गोष्टी तर निरपवाद आहेत.

तिसरा धोका मुलाजवळचें काढून घेण्याचा. पोतराजाच्या मुलाला हलगी येते, बंजाऱ्याच्या मुलीला लेंगी येते. तें सारें विसरवून त्यांना सिनेमांतले नाच शिकविले, तर आपलें घर ओंगळ व आपली कला टाकाऊ असाच धडा त्यांना मिळेल. याउलट ‘तुझी हलगी आम्हांला शिकव’ असें म्हटलें, तर त्याच्या बापाच्या हातांतली विद्याही सन्मानाला चढते. मुलाला आईबापांची लाज वाटावयास लावून कोणाचाही उद्धार होत नाहीं.

म्हणून नाच हें दार आहे, घर नव्हे. दारांतून आंत आलेल्या मुलासाठीं पुढें शाळा, दवाखाना, निवारा व कागदपत्रें यांची व्यवस्था झाली पाहिजे. सुदैवानें त्यासाठीं साधनें आहेत. १ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाहीं या कारणावरून प्रवेश नाकारतां येत नाहीं. कधींच शाळेंत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गांत घेऊन मागील अभ्यास भरून काढण्यास साहाय्य दिलें पाहिजे, असेंही त्यांत सांगितलें आहे. संकटांतील मुलांसाठीं बाल कल्याण समितीची योजना आहे. १०९८ हा विनामूल्य दूरध्वनि क्रमांक १९९६ सालीं मुंबईंत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमांतून सुरू झाला; तो आज देशभर सरकारी यंत्रणेमार्फत रात्रंदिवस चालतो. एकटें, घाबरलेलें किंवा कोणाकडून राबविलें जाणारें मूल दिसलें, तर तो फिरविण्यास शाळकरी मुलालाही कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. आणि खेळ व कला यांचा अधिकार तर संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानेंच प्रत्येक बालकाला दिलेला आहे. भारतानें तो करार १९९२ सालीं मान्य केला.

आतां विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला काय करतां येईल? स्नेहसंमेलन जवळ आलें कीं तुमच्या लेझीम पथकाचा सराव मैदानावर सुरू होतो. कुंपणापलीकडे कांहीं मुलें उभीं राहून तो पाहत असतात. त्यांचे पाय जागच्या जागीं ताल धरीत असतात. शिक्षकांच्या परवानगीनें त्यांना आंत बोलवा. प्रथम नांव विचारा, मग लेझीम द्या. ताल चुकला तर हंसूं नका. तुमचाही पहिल्या दिवशीं चुकला होता. त्यांच्यांत कोणाला हलगी येत असेल तर ती त्याच्याच हातीं सोंपवा, म्हणजे सारें पथक त्याच्या ठोक्यावर चालेल. ऊसतोडणीहून परतलेला तुमचा वर्गबंधु मागच्या बांकावर एकटा बसला असेल, तर त्याच्यासाठीं फेरांत एक जागा राखून ठेवा. वहींतलें गणित त्याला उद्यां येईल. पाऊल मात्र आजच जुळेल, आणि पाऊल जुळलें म्हणजे गणित विचारावयास तो संकोचणार नाहीं.

पालकांसही एक नम्र विनंति आहे. आपलें मूल अशा मुलांत मिसळलें तर बिघडेल, अशी भीति आपल्याला वाटणें स्वाभाविक आहे. परंतु शिस्तीच्या फेरांत, शिक्षकांच्या नजरेखालीं, स्वच्छ मैदानावर मुलें एकत्र आलीं तर वाईट संवयी वाढण्यापेक्षां सुटण्याचाच संभव अधिक. अस्वच्छता साबणानें जाते, शिव्या सहवासानें जातात. पण दुसऱ्याला दूर लोटण्याची संवय एकदां मुलाच्या मनांत रुजली तर ती सहजासहजीं जात नाहीं. आपल्या मुलाला कोणती संवय लागावी, याचा निर्णय आपल्याच हातीं आहे.

शुभवर्तमानांत एक प्रसंग आहे. आपल्यांत मोठा कोण, असा वाद शिष्यांत चालला असतां प्रभु येशूनें एका बालकाला घेऊन सर्वांच्या मधोमध उभें केलें व त्याला कवटाळलें. त्या बालकाला तेथें कांहीं करून दाखवावयाचें नव्हतें, कोणाचें मनोरंजन करावयाचें नव्हतें. त्याला मधली जागा मिळाली ती केवळ तें बालक होतें म्हणून. बाजारांतल्या कड्याच्या मध्यें उभ्या असलेल्या मुलाकडे आपण याच दृष्टीनें पाहूं लागलों, तर त्याच्या हातावर नाणें ठेवून पुढें जाणें आपल्याला जड वाटेल. औंढ्याच्या कथेंत देऊळ फिरलें. येथें आपण फक्त थोडें बाजूला सरून फेरांत एका मुलापुरती जागा करावयाची आहे.